तात्यांचा रुसवा

व्याही रुसले ही बातमी कोठीघरात आली, तेव्हा मी गौरीहरापुढे पाटावर बसले होते आणि मला बोलायला बंदी होती.

बंदी थोरल्या काकूची. अंगावर मामानं आणलेली पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, पुढ्यात ताटलीभर तांदूळ. चिमूट चिमूट अन्नपूर्णेवर वाहायचे आणि मामा बोहल्यावर न्यायला येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. गौरीहरापुढे जी नवरी बोलते तिला नवरा बहिरा मिळतो, असं काकूचं म्हणणं होतं. सुशांतचे कान मी साखरपुड्यापासून मोबाइलवर चांगले तपासून घेतले होते, पण काकूशी वाद कोण घालणार.

गौरीहर शांत जागी मांडायचा असतो. तासगावच्या त्या कार्यालयात शांत म्हणावी अशी एकच खोली होती, कोठीघर. एका भिंतीला मी आणि अन्नपूर्णा, दुसऱ्या भिंतीला तेलाचे डबे, साखरेचं पोतं आणि बुंदीच्या लाडवांच्या परड्या. पुढचं दार मंडपाच्या बाजूला, मागचं भटारखान्यात. मसालेभाताचा वास थेट माझ्या नाकात येत होता आणि मला उपास होता.

काकू पुढच्या दारानं आली आणि म्हणाली, वरपिता खोलीतून उठून गेलेत, नाश्त्याला हात लावलेला नाही, कुणाशी बोलत नाहीत. सांगताना तिचा चेहरा नुसता उजळला होता. त्याला कारण होतं. आमच्या भावकीत व्याही रुसला नाही तर लग्न अळणी झालं म्हणतात. आणि माझे होणारे सासरे, दिनकरराव खबाले, म्हणजे तात्या, रुसायचं नावच घेत नव्हते. उभा जन्म एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस. गाड्या वेळेवर सोडायच्या, उतारूंच्या शिव्या खायच्या आणि भोंग्यावरून "कृपया" म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. साखरपुड्यात त्यांना आहेराचं उपरणं द्यायचं राहिलं, तर तेच म्हणाले, बरं झालं, उन्हाळा आहे.

सगळ्यात जास्त हिरमोड सर्जेरावमामाचा झाला होता. रुसवे काढण्यात मामाचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. लग्न कुणाचंही असो, मामाच्या खांद्याला एक खाकी पिशवी असायची आणि तिच्यात टॉवेल, टोपी, नारळ, पेढ्यांचा पुडा. रुसव्याच्या जाती त्याला पाठ होत्या. बोलका रुसवा चहावर जातो. फुगरा रुसवा टॉवेल-टोपीवर जातो. पण मुका रुसवा वाईट, तो बापाला पाया पडायला लावतो. आज माझी लेक चिमी कोपऱ्यात तोंड करून बसते, तेव्हा मी आधी जात ओळखते आणि मग पेढा शोधते. ही विद्या मला मामाकडून आली.

काकू बातमी सांगत होती तोवर तात्या स्वतःच आत आले. दार लोटलं, माझ्याकडं बघून ओशाळं हसले, आणि परड्यांजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. पाठोपाठ मामा, पिशवीसकट. मामानं काकूला आल्याचा स्पेशल चहा आणायला पिटाळलं, दार लावून घेतलं आणि कामाला लागला.

न्याहारी गार होती का, त्यानं विचारलं. तात्यांनी मान हलवली. बँडवाल्यानं काही आगाऊपणा केला का? नाही. आमच्या दाजींच्या तोंडून एखादा शब्द गेला का? दाजी म्हणजे माझे बाबा. सकाळपासून ते दिसेल त्याला 'सांभाळून घ्या' म्हणत हात जोडत हिंडत होते, त्यांच्या तोंडून शब्द जायला तोंड मोकळं कुठं होतं. तात्यांनी परत मान हलवली. मामानं टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली, नारळ मांडीवर दिला. तात्या हूं का चूं करेनात. मामाचे डोळे चमकायला लागले. असा मुका रुसवा त्याला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"सर्जेराव," तात्या शेवटी म्हणाले, "रुसलोय असं समजा. अक्षता पडेपर्यंत मला हितं बसू द्या."

आवाज पार खोल गेला होता. मी तांदळाची चिमूट हातातच धरून त्यांच्याकडं नीट पाहिलं.

पंखा डोक्यावर गरगरत होता आणि तात्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. तोंडावरचा रंग गेला होता. चुलीतली राख सकाळी काढतात, तसा रंग. उजव्या हातानं ते डावा दंड चोळत होते आणि मधूनच जबडा दाबत होते, दाढ ठणकल्यासारखा.

हा रंग मी आधी एकदा बघितला होता. मी सातवीत असताना विलासकाका असाच बसला होता, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. सगळ्यांनी मिळून त्याचं पित्त काढायला घेतलं. लिंबू-सोडा झाला, ओवा झाला, कुणी पाठ चोळली. पित्त काही निघालं नाही, काका गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, जरा आधी आणलं असतं तर. ते 'जरा' आमच्या घरात अजून उंबऱ्यावर बसलेलं आहे.

"तात्या," मी म्हणाले, "छातीत दाबल्यासारखं होतंय का?"

मामा दचकला. "अगं, बोलू नको. नवरा बहिरा—"

"होऊ दे बहिरा. तात्या, जबड्यापर्यंत कळ येतीय ना?"

तात्यांनी मामाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. लपवताना पकडलेल्या माणसाचं तोंड झालं होतं त्यांचं. म्हणाले, पित्त असेल, पहाटेपासून धावपळ झाली. मी म्हणाले, आमच्या घरात एकदा पित्त होऊन गेलंय, मला ओळख आहे.

मामाच्या हातातून पिशवी खाली आली. तो दाराकडं वळणार, तोच तात्यांनी त्याचा सदरा धरला.

"मंडपात सांगू नका. लग्न थांबेल." मध्ये श्वास घ्यायला थांबले. "रुसलेल्या व्याह्याकडं कोण बघत नाही, म्हणून तर हितं आलो. तुम्ही रुसवा म्हणताय ते बेस आहे, तेच चालू द्या. अक्षता पडल्या की जाऊ कुठं जायचं तिथं. जे व्हायचं ते नंतर होऊ दे. आधी झालं, तर..."

का कोण जाणे, माझ्या पायांकडं बघत राहिले. पायाला मेंदी होती आणि पाटाबाहेर आलेल्या बोटांत अजून जोडवी नव्हती.

मला तेव्हा त्या नजरेचा अर्थ कळला नाही. एवढंच कळलं, की हा माणूस मुहूर्ताची गाडी वेळेवर सोडल्याशिवाय फलाट सोडणार नाही, आणि मुहूर्ताला अजून खूप वेळ होता. समजावून सांगत बसले असते तर तेवढ्यात विलासकाकासारखं झालं असतं. रडले असते तर बायका गोळा झाल्या असत्या, आणि बायका आल्या म्हणजे लिंबू-सोडा आला.

मी पाटावरून उठले, साखरेच्या पोत्यावर जाऊन बसले आणि दोघांकडं पाठ केली.

"मग मी पण रुसले."

मग मामा अगदी हळू म्हणाला, "काय म्हणालीस?"

"रुसले. मी बोहल्यावर येत नाही. हार घालत नाही. अंतरपाट धरून बसा म्हणावं सगळ्यांना."

"नवरीनं रुसायची पद्धत नाही, रेश्मा."

"आजपासून आहे."

मामा मोठा कलावंत माणूस. घाबरलेला होता, पण समोर रुसवा दिसल्याबरोबर जिभेवर ठरलेलं वाक्य आलंच. म्हणाला, "बरं. काय पाहिजे माझ्या बाईला?"

"तात्या दवाखान्यात पाहिजेत. आत्ताच्या आत्ता."

"हा रडीचा डाव झाला," तात्या म्हणाले. हसायला गेले आणि हसण्यानं छातीत कळ आली तसे वाकले.

"तुम्हीच सुरू केला."

"आणि मंडपात काय सांगणार?"

"खरं तेच. नवरी रुसलीय."

तात्यांनी डोळे मिटले. टोपी सरळ केली. कंट्रोलर लोक शिट्टी देण्याआधी गाडीवरून एक नजर फिरवतात, तशी माझ्यावरून फिरवली आणि मान हलवली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मी मामाच्या फोनवरून आमच्या डॉक्टर मुलाणींना गाठलं. ते म्हणाले, एक पाऊलही चालवू नका, पाणी-सोडा काही देऊ नका, आणा, मी दारात उभा आहे. मामानं सुशांतला बोलावून घेतलं. सुशांत आला, बापाकडं बघितलं आणि बापापेक्षा पांढरा पडला. चालवायचं नाही म्हटल्यावर मामानं भटारखान्यातून दोन आचारी बोलावले आणि सांगितलं, व्याही रुसलेत, पाय जमिनीला लावणार नाही म्हणतात, खुर्ची उचला. आचाऱ्यांनी जराही आश्चर्य दाखवलं नाही. एक जण म्हणाला, गेल्या साली एका व्याह्यानं घोडा मागितला होता, त्यापरीस खुर्ची परवडली.

तात्यांची पालखी भट्ट्यांमधून, जिलेबीच्या कढईला वळसा घालून निघाली. डोक्यावर नवी टोपी, मांडीवर नारळ. मागच्या दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या, माई. मामानं त्यांना दोन वाक्यांत सांगितलं होतं. माईंनी पदरानं तात्यांचं कपाळ टिपलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हिकडचं बघते. तुम्ही जाऊन या." नोकरीच्या दिवसांत डबा हातात देताना म्हणत असतील, अगदी तशा.

मागच्या बाजूला एकच गाडी मोकळी होती, ती आमच्या वरातीची. बॉनेटवर झेंडूचा बदाम, मागच्या काचेवर आमची दोघांची नावं. तात्यांना मागं टेकवून बसवलं, मी शेजारी बसले, सुशांतनं चावी फिरवली. गाडी फाटकाबाहेर आली आणि लिंबाखाली बिड्या ओढत बसलेला बँड नवरदेवाची गाडी बघून ताडकन उठला आणि वाजवायला लागला. सुशांतनं हॉर्न दाबून धरला. ताशेवाल्याला वाटलं नवरदेव खुशीत आलाय, त्यानं आणखी जोर केला. बाजारपेठेतून लोक हात हलवत होते. एका आजीबाईंनी खिडकीतून माझी अलाबला घेतली. तात्यांनी माझा हात घट्ट धरला होता. हात गार होता, ओला होता. एकदा मुठीची पकड सैल झाली तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, तात्या, सांगलीची गाडी किती वाजता? त्यांनी डोळे न उघडता वेळ सांगितली, फलाट सांगितला आणि विटा-मार्गे कुठली जाते तेही सांगितलं. मी तासगावच्या सगळ्या गाड्या विचारल्या. जोवर गाड्या सुटत होत्या तोवर माझ्या जिवात जीव होता.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयारच होतं. धावत आलेल्या दोघा वॉर्डबॉयनी घामाघूम, पांढराफटक सुशांत बघितला, त्याला बगलेत धरलं आणि स्ट्रेचरवर आडवा केला. तो मी नव्हे, मी नव्हे म्हणत होता, मुंडावळ्या त्याच्या तोंडात जात होत्या. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. शेवटी डॉक्टर मुलाणींनी टोपीवाले, टोपीवाले असं ओरडून सांगितलं.

छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरांनी ती बघितली, फोनमध्ये तिचा फोटो काढला आणि सांगलीच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला. तात्यांना एक गोळी चावायला दिली. मग सुशांतला विचारायला लागले, आधी कधी झटका, कुठं रक्तस्राव, पोटात अल्सर, मोठं ऑपरेशन? सुशांत नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. तात्याच म्हणाले, तो गडबडलाय, मला विचारा, आणि गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं एकेक नाही, नाही करून सांगितलं.

डॉक्टर आमच्याच भागातले, ऊसवाल्यांना समजावून समजावून त्यांची भाषा तशी झालेली. आम्हाला म्हणाले, काळजाच्या मांसाला पाणी देणारा पाट असतो. त्यात रक्ताची गुठळी अडकलीय. पाट तुंबला की शेवटचा वाफा वाळायला लागतो, आणि हा वाफा एकदा वाळला की परत हिरवा होत नाही. आता इंजेक्शन देतो, गुठळी विरघळायला लागेल. मग लगेच सांगली. तिथं तार घालून पाट पुरता मोकळा करतील, परत मिटू नये म्हणून बारीक स्प्रिंग बसवतील.

"डॉक्टर," तात्या म्हणाले, "दुपारचा मुहूर्त आहे हो."

"तुमचा मुहूर्त हाच आहे," डॉक्टर म्हणाले आणि सुई टोचली.

मग वाट बघणं आलं. मी कडेला उभी, हातात तात्यांचा नारळ. पडद्यावरची हिरवी रेघ वर-खाली होत होती आणि मला तिच्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी रेघेकडं न बघता तात्यांच्या ओठांकडं बघत होते. एक नर्सबाई येऊन मला म्हणाली, तुम्ही पेशंटच्या कोण? मी सून म्हणायला गेले आणि अडखळले, कारण अजून कुणीच नव्हते. नर्सबाईनं पिवळी साडी बघितली, मुंडावळ्या बघितल्या आणि म्हणाली, असू दे, बसा.

राख हळूहळू उतरली. आधी कानाच्या पाळ्यांना रंग आला, मग ओठांना. तात्यांनी दंड चोळायचं थांबवलं. डॉक्टरांनी दुसरी पट्टी काढली, पहिलीच्या शेजारी धरली, आणि पहिल्यांदाच खुर्चीत टेकले.

"आता रुसवा जरा कमी वाटतोय," तात्या म्हणाले.

मी नारळ कपाळाला लावला आणि तिथंच पडद्याआड पोटभर रडून घेतलं.

सुशांत अॅम्ब्युलन्समधून त्यांच्याबरोबर सांगलीला गेला. मी रिक्षानं परत कार्यालयात. भटारखान्याच्या दारानं कोठीघरात शिरले, तर पुढच्या बंद दाराबाहेर मामाचा आवाज. मामा रिकाम्या खोलीची समजूत काढत होता.

मंडपात त्यानं जाहीर केलं होतं, की नवरी रुसलीय, नवरदेव आत तिची समजूत काढतोय, आणि व्याही तिच्यासाठी कायसं आणायला स्वतः सराफकट्ट्यावर गेलेत. पाहुण्यांनी इतका रंगतदार रुसवा कधी पाहिला नव्हता. बाया दाराला कान लावत होत्या. कुणी म्हणे टिक पाहिजे, कुणी म्हणे मोहनमाळ. एक आजोबा म्हणाले, आत्ताच समजूत काढायला लागला, ह्या पोराचं पुढं अवघड आहे. मामानं आधी पंगत बसवून टाकली होती आणि आता दाराला टेकून खऱ्याखुऱ्या कळवळ्यानं बोलत होता. बाई माझी, माझी शहाणी, हे घे ते घे. दुचाकी कबूल करून झाली होती, आता वॉशिंग मशीनवर आला होता.

"मामा," मी आतून म्हणाले, "मी आले. बरे आहेत."

मग मामानं जोरात नाक ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोलली. नवरी बोलली. पण अजून थोडी धुसफूस आहे, तुम्ही जेवून घ्या."

माई आत आल्या, दाराला कडी लावली. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्या माझ्या केसातला गजरा सारखा करत राहिल्या. सकाळपासून ही बाई मंडपात बसून आल्या-गेल्याला हसून या-बसा म्हणत होती.

"यांनी का लपवलं, ठाऊक आहे तुला?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, मुहूर्त टळू नये म्हणून.

"मुहूर्ताचं एवढं काय आहे." माईंनी गजऱ्याची गाठ परत सोडली, परत बांधली. "माझ्या लग्नात मामंजी मंडपातच पडले ते उठलेच नाहीत. अक्षता पडायच्या आधी. तेव्हा कुठला आलाय दवाखाना. मी घरात आले ती पांढऱ्या पायाची म्हणून आले. दूध नासलं तरी माझे पाय. म्हैस आटली तरी माझे पाय. सुशांत पोटात असतानासुद्धा ऐकलं मी. हे काही बोलू शकले नाहीत तेव्हा, आईपुढं, बहिणीपुढं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तेच डोक्यात असणार. अक्षता पडल्या म्हणजे तू घरची झालीस, मग त्यांना काही झालं तरी तुझ्या पायावर येऊ नये. येडा माणूस."

मघाची ती नजर मला कळली. मला वाटलं होतं ते मेंदी बघतायत.

आम्ही दोघी साखरेच्या पोत्यावर बसून राहिलो, मधे मामाचा फोन ठेवून. ऊन कललं तेव्हा तो वाजला. सुशांत होता. तार गेली, नळी उघडली, रक्त वाहायला लागलं, स्प्रिंग बसली. डॉक्टर म्हणतात वेळेत आणलंत. माईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, काय म्हणाले ते परत सांग. त्यानं परत सांगितलं. वेळेत आणलंत. माईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

शुद्धीवर असलेल्या तात्यांनी पोराला परत पाठवलं होतं. सांगलीतला मावसभाऊ तिथं पोचला होता, आणि तात्यांचा हुकूम होता की दुपारचा गेला तर गेला, गोरज मुहूर्त चुकता कामा नये. आमची गाडी डॉक्टरांच्या दारात, म्हणून नवरदेव एसटीनं आला. सांगली स्टँडवर कुणीतरी खबाले कंट्रोलरचा मुलगा म्हणून ओळखलं. पुढची सीट मिळाली, आणि ड्रायव्हरनं लाल गाडी सरळ कार्यालयाच्या फाटकात आणून उभी केली. आतल्या सगळ्या उतारूंनी मुंडावळ्यांतल्या सुशांतला टाळ्या वाजवून उतरवलं. बँडनं ह्यावेळी मात्र बरोबर ओळखलं.

त्याआधी माईंनी मंडपात उभं राहून काय झालं ते सगळं सांगून टाकलं. तात्यांची थोरली बहीण हिराआत्या पुढच्या रांगेत होती. ऐकून तिनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, पाय घरात पडायच्या आधीच हे, देवा.

"वन्सं," माई म्हणाल्या, "पायाचं काढू नका. ह्याच पायांनी ती पाटावरून उठली, म्हणून तुमचा भाऊ आहे."

आवाज चढवला नव्हता. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं होतं ते, मंडपभर ऐकू गेलं. हिराआत्यानं पदर खाली घेतला. अक्षता पडल्या तेव्हा सर्वांत आधी तिचीच मूठ माझ्या डोक्यावर आली, जरा जोरातच आली.

मी सासरी मात्र लगेच गेले नाही. माईंनी सांगितलं, घरात पहिलं पाऊल यांच्याबरोबरच. तात्यांना घरी सोडलं त्या दिवशी मला माहेरून बोलावून घेतलं. दारात तांदळाचं माप मांडलेलं, पुढं परातीत कुंकवाचं पाणी. मामा पिशवीसकट हजर. मी माप लवंडलं, परातीत पाय बुडवले आणि आत शहाबादी फरशीवर ओली लाल पावलं उमटवत चालले.

मागं वळून बघते तर तात्या उंबऱ्यावरच उभे. सुशांतच्या खांद्यावर हात, डोक्यावर तीच टोपी, चार दिवसांत वाळून निम्मे झालेले.

"मी येत नाही," ते म्हणाले. "मी रुसलोय."

मामाचा हात आपोआप पिशवीत गेला. माईंनी विचारलं, आता काय राहिलं?

"तिला परात दिली. मला कुठंय?"

माई म्हणाल्या, काय पोरखेळ आहे, हे नवरीचं असतं, सगळी फरशी घाण होईल. तात्यांनी तोपर्यंत चप्पल काढली होती. सुशांतचा आधार घेत त्यांनी आपले भेगाळलेले, रुंद पाय परातीत ठेवले. सावकाश, एकेक करून. मग माझ्या पावलांच्या शेजारून आपली पावलं टेकवत माझ्यापाशी आले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, मधे एकदा थांबून. वळून त्यांनी फरशीकडं बघितलं. लाल पावलांच्या दोन रांगा उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत आल्या होत्या, आणि ओल्यात ओलं मिसळून जागोजाग एक झाल्या होत्या.

"आता म्हणावं हिरीला," तात्या म्हणाले, "कुणाचे पाय कुठले ते सांग."

माईंनी ती फरशी पुढं कितीतरी दिवस पुसू दिली नाही.